"एकच पान वाढवायचंय फक्त" : आयत्या वेळचे बदल आणि आपण

उभी_रेघ (धागाकर्ती)

रात्री दहा वाजता मेसेज आला. "अगं, एकच पान वाढवायचंय फक्त. सकाळी छपाईला जायच्या आत होईल ना?"

छापील मांडणी कधी केली नसेल तर यात रडण्यासारखं काय आहे ते कळणार नाही, म्हणून आधी तेवढं सांगते. एका संस्थेचा ६४ पानांचा अहवाल होता. ६४ म्हणजे सोळा-सोळा पानांचे चार फॉर्म. मोठ्या तावाच्या एका बाजूला आठ पानं, पाठीमागे आठ, मग घड्या घालायच्या आणि कापायचं. यात 'एक पान' नावाची वस्तूच नसते. कागद दुमडला की त्याची चार पानं होतात, त्याला मी काय करू? ६४ नंतर थेट ६८ येतात. आणि चार पानं वाढवायची तर त्यांच्या प्लेटा वेगळ्या, मशीनवर फेरी वेगळी. एवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

म्हणजे कुठून तरी एक पान मोकळं करायचं. मागच्या तक्त्यांची अक्षरं अर्ध्या पॉइंटाने बारीक करून ते मी काढलं. पण मोकळं झालं बावन्नावं पान आणि नवा मजकूर हवा होता अकराव्यावर. मधली सगळी पानं एकेकाने सरकली. एकेकाने सरकली म्हणजे डावी होती ती उजवी झाली आणि उजवी डावी. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले पाच मोठे फोटो होते, ते पाठपोट झाले. अर्धा माणूस या पानावर, उरलेला पान उलटल्यावर. ते सगळे परत बसवले. अनुक्रमणिका, "पान ३७ पाहा" छापाचे उल्लेख, पानांच्या कोपऱ्यातले आकडे (डावीकडचे डाव्या कोपऱ्यात, उजवीकडचे उजव्या), सगळं पुन्हा.

पहाटे साडेचारला फाइल पाठवली आणि झोपले.

छापून आलं तेव्हा त्या नव्या पानावर दोन फोटोंखालच्या नावांच्या ओळी एकमेकींच्या जागी गेलेल्या होत्या. वरच्या फोटोतल्या बाईंचं नाव खालच्या गृहस्थांना. आता क्लायंट म्हणतात चूक तुमची, आणि उरलेले अर्धे पैसे "बघू" या सदरात गेलेत.

मला भांडायचं नाहीये. चूक माझ्या हातून झालीच. पण गेल्या वर्षभरात असं चौथ्यांदा झालंय आणि दर वेळी त्या वाक्यात 'फक्त' होता. तुम्ही लोक काय करता? नाही म्हणता का? म्हणता तर कोणत्या तोंडाने?

*

काना_मात्रा

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश लिहितो. सध्या माझ्याकडेही एक 'फक्त' आलेला आहे.

*

सरळमार्गी

करार केला होता का? त्यात किती वेळा बदल करून देणार हे लिहिलं होतं का? मुदत? मुदतीनंतरच्या बदलांचे पैसे? लिहिलं नसेल तर चूक तुमचीच आहे, क्लायंटला दोष देण्यात अर्थ नाही. स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

*

टीपकागद

सरळमार्गी, राग नाही मानत, पण तुम्ही नवीन असताना करार करून घेत होतात का? मला अजूनही निम्मी कामं ओळखीतून येतात. कोणाच्या तरी बहिणीची मैत्रीण असते. तिला कराराचा कागद पाठवला की आधी फोन येतो, "अगं आपल्यात कशाला हे?" मग काम येत नाही. ज्याला चार कामं नाकारता येतात त्याचं 'स्पष्ट' वेगळं असतं.

*

सरळमार्गी

कागद नको, ईमेल पुरते. "ठरल्याप्रमाणे दोन वेळा बदल करून देईन, तिसऱ्यापासून तासाप्रमाणे, आणि अमुक दिवशी संध्याकाळी सहानंतर आलेले बदल या आवृत्तीत होणार नाहीत." तीन ओळी. "आपल्यात कशाला"वाल्यांनासुद्धा मी हे पाठवतो. उत्तर नाही आलं तरी पाठवलेलं राहतं.

आणि तातडीचा दर वेगळा ठेवा. मी दीडपट लावतो. गंमत म्हणजे दीडपट म्हटल्यावर बरेच तातडीचे बदल आपोआप बिनतातडीचे होतात.

*

गॅली_प्रूफ

रेघताई, मी छापखान्यात वाढलो. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, हाताने जुळवायचे तेव्हापासूनचा. तुमचा प्रश्न शिशाच्या खिळ्यांइतका जुना आहे आणि त्यावर त्या लोकांनी एक उत्तर काढून ठेवलं होतं, ते सांगतो.

प्रूफावर, म्हणजे छपाईआधी तपासायला काढलेल्या प्रतीवर, दुरुस्त्या करताना शाईचे रंग वेगळे असत. ब्रिटिश पद्धतीत जुळाऱ्याने केलेली चूक लाल शाईने दाखवायची आणि लेखकाने किंवा प्रकाशकाने मागाहून केलेला बदल निळ्याने. छापखान्याच्या स्वतःच्या मुद्रितशोधकाच्या खुणांना हिरवी. ही रंगांची हौस नव्हती. बिल करताना कारकून प्रूफं पुढ्यात घेऊन बसायचा. लाल खुणा छापखान्याच्या खर्चात, निळ्या लेखकाच्या. म्हणजे मूळ प्रतीत 'नदी' असताना आम्ही 'नंदी' जुळवलं तर आम्ही फुकट सुधारणार. मूळ प्रतीत 'नदी' असताना तुम्हाला आता 'सरिता' सुचली, तर जरूर, पण पैसे पडतील. त्यात भांडण नाही, 'आपल्यात कशाला' नाही. रंग बघायचा.

आणि 'सरिता' महाग का, तर खिळ्यांत एक शब्द लांबला की ओळ फुटते, ओळ फुटली की परिच्छेद सरकतो, परिच्छेद सरकला की पान. तुमची डावी पानं उजवी झाली तसंच.

बाल्झाक हा फ्रेंच कादंबरीकार या बाबतीत कुप्रसिद्ध होता. प्रूफं आली की त्याचं खरं लेखन सुरू व्हायचं. समासात, समासाबाहेर, चिकटवलेल्या चिठोऱ्यांवर. पुन्हा प्रूफ, पुन्हा तेच. जुळारी त्याच्या नावाने बोटं मोडायचे. पण त्या बदलांचा खर्च त्याच्या मानधनातून जायचा आणि तो तरीही करायचा. विशेष म्हणजे १८२६ ते १८२८ त्याने स्वतः छापखाना चालवून बुडवला होता, त्यामुळे एका निळ्या खुणेला काय पडतं हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी असल्या माणसाला क्लायंट म्हणून डोक्यावर घेईन. बदल करतो, पण निळ्या शाईने करतो आणि पैसे मोजतो.

तुमच्या धंद्यातून हे दोन रंग गेलेत. संगणकावर सगळ्या दुरुस्त्या एकाच रंगाच्या दिसतात, म्हणून 'चूक सुधारा' आणि 'माझं मन बदललं' यांच्यातला फरकच कोणाला दिसत नाही. तुम्ही तो परत आणा. पीडीएफवर शेरे लिहिताना रंग निवडता येतो की.

*

काना_मात्रा

काका, __/\__

*

फ्रेम_पंचवीस

व्हिडिओवाल्यांचं रडगाणं. आमच्याकडे 'पिक्चर लॉक' म्हणतात. एडिट मंजूर झालं, आता कोणीही कात्री लावायची नाही, यानंतर आवाजाचं काम आणि रंगांचं काम सुरू. लॉकचा अर्थ क्लायंटला कुलूप असा वाटतो आणि किल्ली आपल्याचकडे आहे असंही वाटतं.

"शेवटी लोगो दोन सेकंद जास्त ठेव, बाकी काही नको." दोन सेकंद म्हणजे ५० फ्रेम. संगीताचा शेवटचा ठोका लोगोवर बसवलेला आहे, तो आता लोगो यायच्या आत संपतो किंवा नंतर रेंगाळतो. संगीतकाराला परत विनंती, आवाजाचं मिक्स परत, आणि एकूण लांबी ३० सेकंदांचीच हवी असेल तर हे दोन सेकंद आधीच्या कुठल्या तरी शॉटमधून कापायचे. तो शॉट नेमका साहेबांचा असतो.

मी आता "नाही" म्हणत नाही. मी परिणामांची यादी पाठवतो. "लोगो दोन सेकंद वाढवला तर या चार गोष्टी पुन्हा होतील, त्याला दीड दिवस आणि इतके पैसे. करू का?" प्रश्न मी विचारायचा, उत्तर त्यांनी द्यायचं. पूर्वी मी "बघतो" म्हणायचो. 'बघतो' हा शब्द माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द आहे. आपण म्हणतो बघतो, ते ऐकतात होईल.

*

पलीकडचा

घाबरत लिहितो आहे. मी क्लायंट आहे. म्हणजे पैसे देणारा नाही, मधला. तुम्हाला रात्री दहाला मेसेज करतो ना, तसलाच एक.

आमच्याकडे काय होतं सांगतो. तुमचा मसुदा येतो. मी सगळ्यांना पाठवतो. सगळे "छान" म्हणतात. कोणीही उघडलेला नसतो. उघडला तर फोनवर, आणि ६४ पानांची पीडीएफ फोनवर म्हणजे मुंगीने हत्ती बघणं. मग मी सांगतो, "उद्या छपाईला जातंय." त्या क्षणी वरिष्ठ पहिल्यांदा ते वाचतात. आता परत फिरता येणार नाही हे कळल्याशिवाय माणूस नीट बघतच नाही, असं माझं इतक्या वर्षांनंतरचं मत झालंय. मग त्यांना अकरावं पान सुचतं. आणि मी त्यांना 'पान एकेकाने वाढत नाही' हे सांगू शकत नाही, कारण मलाच ते आज रेघताईंचं वाचून कळलं!

म्हणजे बदल आयत्या वेळी येतो कारण बघणाराच आयत्या वेळी येतो. तुम्ही माझ्याशी कितीही करार करा, तो माणूस त्या करारात नसतो.

*

टीपकागद

या पोस्टीवर आधी चिडले. मग दुसऱ्यांदा वाचली. पण मग "छान" म्हणून कळवता कशाला हो? "अजून कोणी बघितलं नाही" असं कळवा ना. आम्ही पुढची पायरी चढणारच नाही.

*

पलीकडचा

कारण मग तुम्ही थांबाल आणि उशीर माझ्या नावावर लागेल. खरं बोलतोय.

*

रात्रपाळी

एवढं गंभीर कशाला. दोन उपाय, दोन्ही स्वतः वापरलेले.

१) मुदत दोन दिवस अलीकडची सांगा.
२) कामात एक ठळक चूक मुद्दाम ठेवा. नजर लागू नये म्हणून तीट लावतात तशी. साहेबांना ती दिसते, ते ती काढायला लावतात, आपण काही तरी योगदान दिलं म्हणून खूश होतात आणि बाकीच्याला हात लावत नाहीत.

*

रंगांधळा

माझी तीट छापून आली होती. नारिंगी पट्टा, अर्ध्या पानावर. "वा, एकदम उठून दिसतंय" म्हणाले. अजून त्यांच्या सगळ्या साहित्यावर तो पट्टा आहे. लोक मला विचारतात हे तुझं काम का, मी सांगतो नाही.

*

फ्रेम_पंचवीस

आणि पहिला उपाय एकदाच चालतो. दुसऱ्या वेळी त्यांना माहीत असतं की तुमचा शुक्रवार म्हणजे रविवार. मग खरा शुक्रवार आला की तुम्ही खोटारडे.

*

विभक्ती

मी भाषांतर करते. वरचं सगळं वाचून समजा मीही मान डोलावली. फक्त एक प्रसंग.

भाषांतर संपलं, तपासून दिलं, मंजूर. मग निरोप, "आम्ही मूळ मजकुरात 'उपक्रम'च्या जागी आता 'मोहीम' म्हणायचं ठरवलंय. तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच इथे शोधा-बदला करून टाकतो."

त्रास नको म्हणून!

उपक्रम 'तो', मोहीम 'ती'. छापायला निघालेल्या मजकुरात "आमचा मोहीम यशस्वी झाला" होतं. "मोहीमाचा पहिला टप्पा" होता. "नव्या मोहीमांना" होतं. नशिबाने माझ्याकडे शेवटची प्रत आली. एकच शब्द बदलायचा होता हे खरं, पण मराठीत नाम बदललं की विशेषण, क्रियापद, सर्वनाम सगळं वऱ्हाड निघतं त्याच्यामागे. 'मोहीम'चं तर विभक्ती लागली की 'मोहिमे' होतं, ह्रस्व इकार. ते कोणतं यंत्र करणार?

त्यानंतर मी दोन गोष्टी करते. मूळ मजकुराच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक देते आणि बिलात लिहिते, "आवृत्ती ३ चे भाषांतर". चौथी आली की ते नवं काम. आणि सुरुवातीलाच पंधरा-वीस मुख्य शब्दांची यादी पाठवून त्यावर होकार घेते, मजकुराला हात लावायच्या आधी. शब्दांवर मन बदलायचं तर यादीत बदला, तिथे तो बदल फुकट आहे.

*

गॅली_प्रूफ

"आमचा मोहीम" वाचून हसून हसून ठसका लागला.

*

खर्जातला_सा

व्हॉइसओव्हर कलाकार. आमच्याकडे त्याला पिकअप म्हणतात. "एकच वाक्य परत बोल ना, काय पाच सेकंदांचं काम." पाच सेकंदांचंच आहे. पण तोच माइक, तेवढंच अंतर, तीच खोली आणि तोच घसा लागतो. सकाळी उठल्या उठल्या माझा आवाज जड असतो, संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. संध्याकाळी केलेल्या कामात सकाळचं एक वाक्य घातलं की मध्येच माझे थोरले बंधू बोलून गेल्यासारखं वाटतं. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण किती वाजता केलं ते लिहून ठेवतो, माइकची जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवतो, आणि रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ठेवतो. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, सांधा जुळवायला तो लागतो.

संहिता मंजूर करणाऱ्याने ती एकदा मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी माइकसमोर उभा राहत नाही. मनात वाचताना अडत नाही ते तोंडाने वाचताना अडतं. निम्मे बदल तिथेच होऊन जातात.

*

अर्धविराम

धागाकर्तीच्या एका वाक्यावर कोणी बोललंच नाही. "पहाटे साडेचारला फाइल पाठवली."

१९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा शोधनिबंध आला होता. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची कामगिरी ही रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरलेली आढळली. अनेक देशांत तेवढ्यावर गाडी चालवू देत नाहीत. ताई, तुम्ही सकाळी सातला उठला असाल तर १७ तास मध्यरात्री बारालाच भरले. त्यानंतर साडेचार तास तुम्ही जवळपास प्यायलेल्या माणसासारख्या नावं आणि फोटो जुळवत होतात. फोटोओळी उलट्या झाल्या यात नवल नाही, बाकी ६३ पानं बरोबर गेली याचं आहे.

मी रात्री बारानंतर फक्त हमाली करतो. पानं सरकवणं, निर्यात, नावं देणं. नवा मजकूर, आकडे, माणसांची नावं यांना हात लावत नाही. तसं क्लायंटला लिहूनही कळवतो, की हे सकाळी सहाला करीन आणि आठला देईन.

*

रंगांधळा

नाही म्हणायचं कोणत्या तोंडाने, असा मूळ प्रश्न होता. त्यावर व्हेरोनेझे या इटालियन चित्रकाराची गोष्ट.

१५७३. व्हेनिसमधल्या एका मठाच्या भोजनगृहासाठी त्याने येशूच्या अखेरच्या भोजनाचं प्रचंड चित्र केलं. त्यात कुत्रा, विदूषक, नाकातून रक्त येणारा नोकर, शस्त्रधारी जर्मन शिपाई. धर्मन्यायालयाने बोलावून घेतलं, हे काय आहे म्हणून. तो म्हणाला, चित्रात जागा उरली की आम्ही ती भरतो, कवी आणि वेडे घेतात तशी सूट आम्हीही घेतो. हुकूम झाला, तीन महिन्यांत स्वखर्चाने दुरुस्त करा.

त्याने काय केलं? चित्राचं नाव बदललं. 'लेवीच्या घरची मेजवानी'. बायबलमध्ये त्या मेजवानीला नाही तरी पापी आणि जकातवाले जेवायला होतेच. आक्षेप होता तो 'अखेरच्या भोजनात हे लोक कसे' असा. कुत्रा अजून तिथेच बसलेला आहे.

मुद्दा: क्लायंट उपाय सांगतो, दुखणं सांगत नाही. "पान वाढवा" हा उपाय. दुखणं काय होतं? अध्यक्षांचं मनोगत राहिलं होतं, एवढंच ना? मग मुखपृष्ठाच्या आतली बाजू कोरी होती का?

*

उभी_रेघ

रंगांधळा... कोरी होती.

मुखपृष्ठाच्या आतली बाजू अख्खी कोरी होती. मी आता डोकं आपटून घेते.

*

टीपकागद

व्हेरोनेझेचं ठीक आहे, पण कधीकधी स्पष्ट नकारच द्यावा लागतो. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या भित्तिचित्रातून लेनिनचा चेहरा काढायला १९३३ मध्ये नकार दिलाच ना.

*

रंगांधळा

दिला. त्याला पूर्ण पैसे देऊन कामावरून काढलं आणि १९३४ च्या फेब्रुवारीत चित्र फोडून टाकलं. मग त्याने त्याची आवृत्ती मेक्सिको सिटीत पुन्हा रंगवली. पण ते उदाहरण आपल्या बाजूचं नाही हो. मंजूर झालेल्या कच्च्या आराखड्यात लेनिन नव्हता, तो भिंतीवर आला. म्हणजे आयत्या वेळचा बदल तिथे कलाकाराने केला होता!

*

काना_मात्रा

हे बरं काढलंत. आपणही करतो. मंजुरीनंतर रात्री मला अक्षरांचा दुसरा टाइप सुचतो आणि मी "थोडं सुधारलंय" म्हणून पाठवतो. त्या दिवशी क्लायंटची धडधड किती वाढत असेल याचा विचार केला नव्हता. (माझा 'फक्त' संपला. तीन दिवस गेले.)

*

उभी_रेघ

सगळ्यांचे आभार. सविस्तर लिहायला वेळ लागला कारण मध्ये काही गोष्टी घडल्या.

आधी मी त्या रात्रीचे सगळे निरोप परत बघितले, काकांच्या लाल-निळ्याच्या हिशोबाने. फोटोओळी मला लिहून आल्याच नव्हत्या. रात्री एक वीसला आवाजी निरोप होता, "वरच्या फोटोखाली यांचं नाव, खालच्या फोटोखाली त्यांचं." तोपर्यंत पान डावीकडून उजवीकडे गेल्यामुळे मी दोन्ही फोटोंची अदलाबदल केली होती. त्यांच्या हातातल्या प्रतीतला 'वर' माझ्या पडद्यावर 'खाली' होता. मी निरोप ऐकून जसंच्या तसं टाइप केलं.

तर काका, ही लाल की निळी?

*

गॅली_प्रूफ

निळ्याच्या पोटी जन्मलेली लाल. आमच्याकडे अशी आली की मालक आणि लेखक चहावर बसून निम्मं-निम्मं करायचे. पण तोंडी आलेली दुरुस्ती जुळारी घेतच नसे. "कागदावर द्या" म्हणायचा आणि परत खिळे वेचायला लागायचा. ती पाटी तुम्ही दारावर लावा.

*

उभी_रेघ

निम्मं-निम्मंच झालं. मला रात्री मेसेज करणाऱ्या क्लायंटकडच्या बाईंना मी फोन केला (आमच्या 'पलीकडच्या'). आधी तो आवाजी निरोप त्यांना परत ऐकवला, मग दोन्ही प्रती समोरासमोर ठेवून फोटो पाठवला. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला त्या रात्री साहेबांचे अकरा फोन आले होते." दुरुस्तीची चिकटपट्टी छापायचा खर्च मी दिला, माझे उरलेले पैसे त्यांनी सोडवले.

पुढच्या कामाला मी पीडीएफ पाठवलीच नाही. कच्ची मांडणी खऱ्या आकारात साध्या कागदावर छापली, मध्ये टाचली आणि स्वतः नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात तारीख, वेळ आणि 'यानंतर पानांची संख्या बदलत नाही'. हातात पुस्तक आल्याबरोबर त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, 'पलीकडचा' म्हणाले होते तसंच. त्यांना वाटलं छापूनच आलं. तीन पानं मागची पुढे केली, एक फोटो काढून टाकला, मनोगत कुठे आहे विचारलं. सगळं तिथल्या तिथे पेनाने, स्वतःच्या अक्षरात. मला ते करायला एक दुपार लागली.

छपाईच्या आदल्या रात्री दहा वाजता मेसेज आलाच. पण "फाइल मिळाली, धन्यवाद" एवढाच.

*

पलीकडचा

टेबलावर ठेवायची युक्ती उद्याच वापरतो. माझ्या बाजूने, तुमच्या लोकांच्या नकळत.

*

गॅली_प्रूफ

उत्तम. साहेबांनी पेन कुठल्या शाईचं वापरलं?

*

उभी_रेघ

काळ्या. पुढच्या वेळी निळं पेन मीच प्रतीला बांधून देणार आहे, दोऱ्याने.